शेड पास

ऑगस्टात लंगोट वाळत नाहीत. २०१८ च्या ऑगस्टात नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधल्या होत्या, आणि हॉलमधून स्वयंपाकघरात जायचं तर लंगोट-दुपट्यांच्या तोरणाखालून वाकून जावं लागायचं. पंखा पाचवर, तरी कपड्यांना दमट वास. दिवसा डायपर लावायला आईचा ठाम विरोध, त्यामुळे रोजचे वीस-बावीस लंगोट. त्यातले निम्मे धुऊनही पिवळे दिसायचे. डोक्याला लागू नयेत म्हणून मी मान खाली घालायचो आणि पुढे जायचो.

हे मुद्दाम सांगतोय, कारण माझं पोट रंगावर आहे. रबाळ्याच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात मी शेड मॅचिंग करतो. बॅच तयार झाली की पत्र्याच्या पॅनेलवर तिचा पट्टा ओढायचा, वाळवायचा, मूळ पॅनेलशेजारी धरायचा आणि बघायचं, तोच रंग आहे का. बघायचं म्हणजे कुठेही उभं राहून नाही. त्यासाठी आतून राखाडी रंगवलेला लाइट बूथ असतो. त्यात दिवे निरनिराळे: दुपारच्या उजेडासारखा डी-पासष्ट, दुकानातल्या ट्यूबसारखा टीएल-चौऱ्याऐंशी, शिवाय घरातल्या जुन्या बल्बसारखा पिवळा. एका दिव्याखाली जुळ्या वाटणाऱ्या दोन शेड दुसऱ्या दिव्याखाली एकमेकींना ओळखही देत नाहीत. याला मेटामेरिझम म्हणतात, आणि नव्या पोरांना तो समजावताना मला भलताच चेव येतो. एकच पिवळा फार वेळ बघत बसलात तर डोळा त्यालाच पांढरं समजायला लागतो, हेही मीच सांगतो. म्हणून आमच्याकडे एकाच्या डोळ्यावर शेड पास होत नाही. माझ्या सहीशेजारी दुसरी सही लागते. ती कधी कधी सहा महिन्यांपूर्वी लागलेल्या मुलीची असते, आणि त्यात मला अपमान वाटल्याचं आठवत नाही.

चिऊ ३० जुलैला झाली. (हे तिचं घरातलं नाव. खरं नाव तिचं ती मोठी झाल्यावर हवं तिथे लिहील.) तिसऱ्या दिवशी कावीळ दिसली, दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवलं. डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट, निळ्या पेटीत एखाद्या शोभेच्या माशासारखी पडलेली. सायलीला ते बघवेना. मी मात्र तो निळा कोणता असेल याचा विचार करत होतो. या दिव्यांची गोष्ट मी नंतर वाचली. १९५६ साली इंग्लंडमध्ये एसेक्समधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात वॉर्ड आडनावाच्या एक सिस्टर होत्या. उन्हाळ्यात त्या बाळांना अंगणात उन्हात नेत. एकदा त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवलं. अंगाचा पिवळेपणा उतरलेला, पण एक तिकोनी ठिगळ तेवढं गडद पिवळं. तिथे चादरीचा कोपरा अंगावर आला होता, म्हणून ऊन लागलं नव्हतं. त्यावरून डॉ. क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उजेडाचा उपचार शोधला, १९५८ साली तो छापून आला. शोध डॉक्टरांच्या नावावर आहे, आणि असायलाही हरकत नाही. पण चादर उचलून रंगातला फरक बघणारा डोळा सिस्टरचा होता.

दिव्याखालून काढल्यावर चिऊ थोडी उजळली, बारसं झालं, आणि मग तिसऱ्या आठवड्यात ती पुन्हा पिवळी वाटायला लागली. कुणी 'वाटतेय' म्हणायचं, कुणी 'छे' म्हणायचं. आमच्या डॉक्टरकाकांनी बघितलं आणि सांगितलं, "आईच्या दुधाची कावीळ आहे. वजन वाढतंय ना? दूध पिते ना? मग सोडून द्या. सकाळचं कोवळं ऊन दाखवा." शेजारी टॉवर झाल्यापासून आमच्या खिडकीत सकाळी जेमतेम वीस मिनिटं ऊन येतं, तेही पावसाळ्यात येईल तेव्हा. त्या वीस मिनिटांसाठी आई नातीला मांडीवर घेऊन खिडकीत बसायची.

डॉक्टरकाकांबद्दल नीट सांगायला हवं. ते माझ्या कांजिण्यांपासूनचे डॉक्टर. बाबांच्या छातीत दुखलं त्या रात्री लेंगा-बनियनवर धावत आले होते ते हेच, मुलांचे डॉक्टर असूनही, कारण गल्लीत तेच जवळ होते. बाबा वाचले नाहीत, पण ते पहाटेपर्यंत आईजवळ बसून राहिले. पैशांचा विषय त्यांनी कधी काढला नाही, आम्हीही नाही. अशा माणसाने 'सोडून द्या' म्हटलं की आपण सोडून देतो. आणि ते म्हणाले त्यात खोटं काही नव्हतं. आईच्या दुधाची कावीळ असते, निरुपद्रवी असते, कधी कधी दोन-तीन महिने रेंगाळते. अशी शंभर बाळं समोर आली तर बहुतेकांची कावीळ आपोआप उतरणारीच असते.

शंका पहिल्यांदा बोलून दाखवली ती कुंदामावशींनी. विटाव्याहून यायच्या, सकाळी साडेआठला, बाळ-बाळंतिणीला अंघोळ घालायला. पाटावर बसून दोन्ही पाय लांब करायच्या, पायांच्या खोबणीत चिऊला पालथी घालायच्या आणि तेल चोळताना तिच्याशी अखंड बोलत राहायच्या. त्यांचा हिशेब असा, की कळवा-ठाण्यातली अर्धी पोरं त्यांच्या पायांवरून उतरून शाळेत गेली. एके दिवशी गरम पाण्याची बादली ठेवायला मी बाथरूमच्या दाराशी गेलो, तर म्हणाल्या, "दादा, पोरीच्या शीला रंगच नाय."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे रंग नाय. भिंतीला लांबी लावतात ना, तशी. आनि शू बघा, लंगोट कसं पिवलं होतंय. तान्ह्या पोराची शू पाण्यावानी पायजे."

लांबी म्हणजे पुट्टी. आमचा कारखाना पुट्टीही बनवतो. मला हसू आलं, आणि पुढच्या क्षणी पोटात खड्डा पडला, कारण आदल्याच रात्री मी तो लंगोट बदलला होता आणि बाईंनी दिलेली उपमा अगदी नेमकी होती.

१० सप्टेंबरला दीड महिन्याची लस होती. संध्याकाळी सातची वेळ. दवाखान्याचं नूतनीकरण झालं होतं, नवं फॉल्स सीलिंग, त्यात पिवळसर गोल दिवे, सोनाराच्या दुकानात असतात तसे. त्या दिव्यांखाली माझा हात पिवळा दिसत होता, सायलीचा दिसत होता, समोरच्या कॅलेंडरवरचा गणपतीसुद्धा पिवळा. मी शीचा विषय काढला. काका म्हणाले, "अंगावर पिणाऱ्या मुलांची शी फिकट पिवळीच असते रे." हेही खरंच. लस टोचली, चिऊ रडली, आम्ही घरी आलो. चुकीच्या दिव्याखाली बघितलेली शेड मी आयुष्यात कधी पास केली नव्हती, ती त्या संध्याकाळी माझ्या देखत पास झाली आणि मी मान डोलावली.

रात्री झोप लागली नाही. सकाळी ताजा लंगोट घेऊन खिडकीशी गेलो. पाऊस नव्हता, आभाळ पांढरं होतं. आमच्या धंद्यात असं एकसारखं ढगाळ आभाळ म्हणजे सोन्यासारखा उजेड. लंगोटावरच्या शीच्या त्या रंगाला आमच्या शेड कार्डात आयव्हरी म्हणतात. बेडरूमसाठी फार खपतो. पिवळी म्हणावी अशी ती शी नव्हती, आणि हिरवी तर नव्हतीच.

सायलीला मी म्हटलं, "दुसऱ्या कुणाला तरी दाखवू या."

आपल्याकडे हे क्रियापद मोठं गमतीदार आहे. आपण डॉक्टरला विचारत नाही, दाखवतो. 'कुणाला दाखवलंत?' 'एकदा त्यांना दाखवून घ्या.' जशी मुलगी दाखवतात, जशी पत्रिका दाखवतात. एकदा एका डॉक्टरला दाखवलं की ती गोष्ट त्यांची झाली. मग दुसऱ्याला दाखवणं म्हणजे पहिल्याला न सांगता दुसरं स्थळ बघण्यासारखं चोरटं होऊन बसतं. हल्ली सेकंड ओपिनियन म्हणतात. तो शब्द जरा बरा, ऑफिसातला वाटतो. पण आईपुढे ऑफिसातले शब्द चालत नाहीत. आई म्हणाली, "त्यांना काय वाटेल? तुझ्या बाबांच्या वेळी..." आणि थांबली. पुढचं वाक्य आम्हा दोघांना पाठ होतं.

मग मी जे केलं त्याची अजून लाज वाटते. मी डॉक्टरकाकांना काही सांगितलंच नाही. चिऊची फाइल, डिस्चार्ज कार्ड, पहिल्या आठवड्याचे रिपोर्ट, सगळं त्यांच्या दवाखान्याच्या कपाटात होतं, कारण लसींच्या नोंदी तिथेच व्हायच्या. ते मागायला गेलो असतो तर कारण सांगावं लागलं असतं. मी कागदांशिवाय निघालो.

लॅबमधल्या एका सहकारी मॅडमच्या भाच्याला लहान मुलांच्या यकृताच्या एका डॉक्टर वाशीत बघत असत. १२ तारखेला दुपारची वेळ मिळाली. दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी. ठाण्यातून वाशीला एरवी मी नऊ-दहा नंबरवरून गाडी पकडतो, पण चव्वेचाळीस दिवसांचं बाळ घेऊन टॅक्सीच केली. विटाव्याच्या पुलाखाली पाणी, पुढे दिघ्यापासून टेम्पोंची रांग, प्रत्येक टेम्पोत तोंडावर रुमाल बांधलेला गणपती आणि भोवती ओरडणारी पोरं. रबाळ्याला माझ्या कारखान्याचं गेट मागे गेलं. चिऊ झोपली होती. सायलीच्या पिशवीत दुहेरी प्लॅस्टिकमध्ये सकाळचा लंगोट होता. तो घ्यायला कुंदामावशींनी बजावलं होतं. मला ते सुचलं नसतं. मी मोबाइलमध्ये आठ फोटो काढले होते.

डॉक्टर चाळिशीच्या असतील. पहिला प्रश्न शीचा. मी मोबाइल पुढे केला.

"फोटो राहू दे. शी आणली आहे का?"

सायलीने पिशवी काढली. बाईंनी हातमोजे घातले, खिडकीचा पडदा सारला आणि लंगोट उजेडात धरला. मग चिऊला खिडकीशी नेऊन तिची खालची पापणी हलकेच ओढली. हे सगळं त्या काही न बोलता करत होत्या आणि मी बघत होतो. मोबाइल पांढरं काय ते स्वतःच ठरवतो आणि त्यानुसार बाकीचे रंग सरकवतो, म्हणून फोटोवरून शेड द्यायची नसते. हे वाक्य मी ग्राहकांना फोनवर किती वेळा ऐकवलं असेल.

"जन्मल्यावर व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलं होतं का?"

माहीत नव्हतं. कार्डावर असणार. कार्ड नौपाड्यात.

"पहिल्या आठवड्यात डायरेक्ट बिलिरुबिन किती होतं?"

तेही तिथेच.

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. रागाने नव्हे, अशी माणसं रोज बघत असणार. इंजेक्शन त्यांनी तिथेच देऊन टाकलं. पित्त आतड्यात उतरत नसेल तर हे व्हिटॅमिन शोषलं जात नाही, रक्त गोठत नाही, आणि तान्ह्या बाळात थेट मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. पहिल्या डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून मी जे कागद मागितले नव्हते, त्यांची किंमत ही होती.

मग त्यांनी कागदावर एक यकृत काढलं. माझ्यासारख्याला ते रंगाच्या भाषेत लगेच समजलं. जुन्या लाल पेशी मोडतात, त्यातून पिवळं बिलिरुबिन निघतं. यकृत त्याला पाण्यात विरघळेल असं करतं आणि पित्तावाटे आतड्यात सोडतं. आतड्यातले जिवाणू त्यावर काम करतात आणि त्यातून शीला तिचा रंग येतो. यकृतात जाण्याआधीचं ते इनडायरेक्ट, नंतरचं डायरेक्ट. आईच्या दुधाच्या काविळीत इनडायरेक्ट वाढतं. निळा दिवा आणि ऊन त्याच्यावरच चालतं. पण यकृताने काम केलं आणि पुढची नळीच बंद असली, तर डायरेक्ट रक्तात परततं, डोळ्यांत दिसतं, शूमधून लंगोटावर उतरतं, आणि शी कोरी राहते. जो रंग शीत असायला हवा तोच आमच्या दोऱ्यांवर वाळत होता. आई खिडकीत बसून दाखवत होती त्या उन्हाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

"चौदा दिवसांनंतर कावीळ दिसली की डायरेक्ट बघायचं, एवढाच नियम आहे," त्या म्हणाल्या. आधीच्या डॉक्टरांबद्दल त्या एवढंच बोलल्या, आणि मी नावही सांगितलं नाही.

संध्याकाळी फोन आला. टोटल १०.४, डायरेक्ट ७.२. डायरेक्ट एकच्या वर गेलं तरी शोध घ्यायचा असतो.

सोनोग्राफी उपाशीपोटी हवी होती, चार तास दूध नाही, म्हणजे पित्ताशय भरलेलं असेल तर दिसेल. चतुर्थीला कोण करणार? बाईंनी एका रेडिओलॉजिस्टना फोन केला. ते म्हणाले, सकाळी सातला या, नऊला माझ्या घरी भटजी येणार आहेत. म्हणजे पहाटे तीनला शेवटचं दूध.

त्या चार तासांबद्दल मला फार लिहिता येणार नाही, पण थोडं लिहितो. चार वाजेपर्यंत ती झोपली. मग तोंड उघडझाप करायला लागली, आधी हळू, मान इकडेतिकडे वळवून. सायलीच्या अंगाला दुधाचा वास, म्हणून तिने घ्यायचं नाही. मी घेऊन येरझारा घालत होतो, लंगोटांखालून वाकून. तिने माझ्या शर्टाची बटणं चोखली, माझी हनुवटी चोखली. सायली दार लावून आत बसली होती, आणि आतून आवाज येत नव्हता हे जास्त वाईट होतं. आई आदल्या संध्याकाळी आणलेल्या गणपतीपुढे बसली होती. मूर्तीच्या तोंडावर अजून रुमाल होता. साडेपाचला चिऊचं रडणं असं काही चढलं की वरच्या मजल्यावरून बेल वाजवून विचारलं, काय झालं. मी म्हटलं, भूक लागली आहे. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते योग्यच होतं: मग दूध द्या की.

रिपोर्टात पित्ताशयाची जागा होती, त्यात आकसलेली, सुरकुतलेली रेघ होती. बिलिअरी अट्रेझियाची शक्यता. मराठीत त्याला सुटसुटीत नाव नाही. पित्तवाहिन्या बुजलेल्या, जन्माच्या आसपासच. हजारो बाळांत एखादं. का होतं ते नक्की सांगता येत नाही, आणि बाळंतपणात आईने काय खाल्लं याचा त्याच्याशी संबंध नाही. हे शेवटचं वाक्य बाईंनी सायलीकडे बघून दोनदा उच्चारलं, कारण अळीव-डिंक-काढा या सगळ्यांची उजळणी तिच्या डोक्यात सुरू झालीच होती. आईच्याही.

घरी येऊन आईने गणपती बसवला. मोदक केले. आम्ही आरती म्हटली. काय म्हटलं ते आठवत नाही.

यावर उपाय आहे तो जपानमधून आलेला. पूर्वी अशी बाळं हातची जायची. १९५० च्या दशकात सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात डॉ. मोरिओ कासाई यांनी बुजलेल्या नळ्या कापून काढून लहान आतड्याचा एक वेटोळा थेट यकृताच्या दाराशी जोडला. गटार तुंबलं तर नवीन पाइप टाकतात तसं. जगभर त्याला कासाईच म्हणतात. अट एक: लवकर. साठ दिवसांच्या आत झाली तर पित्त वाहण्याची शक्यता चांगली, पुढे ती घटत जाते, कारण तुंबलेलं पित्त यकृताला आतून निबर करत राहतं. आमचा पंचेचाळिसावा दिवस होता. एक स्कॅन असतो, त्यात किरणोत्सारी औषध टोचून ते आतड्यात उतरतं का बघतात, पण त्याआधी पाच दिवस गोळी देऊन तयारी करावी लागते. बाईंनी तो वगळला. म्हणाल्या, पाच दिवस आपल्याकडे नाहीत. ऑपरेशन टेबलवरच पित्ताशयात डाय घालून एक्स-रे काढतील, नळी उघडी दिसली तर तिथेच थांबतील.

परळच्या एका रुग्णालयात २१ सप्टेंबरला ऑपरेशन झालं. त्रेपन्नावा दिवस. साडेचार तास. नळी उघडी नव्हती.

दोन दिवसांनी अनंत चतुर्दशी. परळला अनंत चतुर्दशीला रुग्णालयात असणं काय असतं ते तिथल्या माणसाला सांगायला नको. रस्ते बंद, लालबागकडून ताशे, खिडकीची काच छातीसारखी धडधडायची. सायली आयसीयूच्या बाहेर बाकावर, मी खाली चहाला, आणि सगळं शहर नाचतंय. वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, "ढोल चांगला असतो, आई-बाबांच्या रडण्याचा आवाज येत नाही." त्या गमतीत म्हणाल्या असाव्यात.

आम्ही शीची वाट बघत होतो. चौथ्या दिवशी काळपट काहीतरी, त्याला हिशेबात धरत नाहीत म्हणे. २६ तारखेला सकाळी सिस्टरने डायपर उघडला आणि मला हाक मारली. मी खिडकीशी नेला. हिरवट मोहरीचा रंग, थोडा गढूळ, एका कडेला स्वच्छ पिवळा. एवढं सुंदर मॅचिंग मी जन्मात पाहिलेलं नाही. मी आईला फोन केला आणि आईने कुंदामावशींना फोन दिला, कारण सायली घरी नसली तरी त्या रोज साडेआठला येऊन आईपाशी बसून जात होत्या.

"पिवली?" त्यांनी विचारलं.

"हिरवी-पिवळी."

"हां," त्या म्हणाल्या, आणि फोन आईला परत दिला.

रुग्णालयातल्या रात्रींत मी मोबाइलवर वाचत बसायचो, आणि तिथे मला माझा धंदा पुन्हा भेटला. जपान आणि तैवानमध्ये नव्या आई-बापांना शीच्या रंगाचं कार्ड देतात. अक्षरशः शेड कार्ड: हे रंग बरोबर, हे रंग दिसले तर लगेच दवाखाना गाठा. तैवानने २००४ पासून देशभर सुरू केलं आणि साठ दिवसांच्या आत ऑपरेशन होणाऱ्या बाळांचं प्रमाण वाढलं. जपानमध्ये २०१२ पासून ते आईच्या आरोग्य पुस्तिकेतच आलं. आमच्या लॅबमध्ये नोकरी लागताना रंगांधळेपणाची ठिपक्यांची परीक्षा देतात, तीही एका जपानी डॉक्टरची, शिनोबु इशिहारांची, १९१७ ची. मला त्यात शंभर टक्के मार्क होते. असं कार्ड आपणच छापून नौपाड्यातल्या दवाखान्यांत वाटावं असं वाटलं होतं. मग लक्षात आलं की साध्या प्रिंटरवर ते दर वेळी वेगळं निघेल आणि पुट्टीच्या रंगाची शी त्यावर पास होईल. विचार सोडला, निदान तसा तरी.

ऑक्टोबरच्या मध्यावर मी डॉक्टरकाकांकडे गेलो. फाइल मागायला, आणि सांगायला. दवाखाना सुटायच्या वेळी, मुद्दाम. मी सगळं सांगेपर्यंत ते मध्ये बोलले नाहीत.

"डायरेक्ट किती होतं?"

"सात पॉइंट दोन."

त्यांनी ते प्रिस्क्रिप्शनच्या पॅडवर लिहिलं. ७.२. खाली एक रेघ ओढली. पुढे काही लिहिलं नाही. मग म्हणाले, "मी रक्त पाठवायला हवं होतं." बराच वेळ पेनचं टोपण लावत-काढत राहिले. मी काहीतरी सारवासारव करायला लागलो, की तुमची चूक नाही, असं कुणालाही... तर त्यांनी हात वर केला. "चूक आहे. पण तू मला सांगून का नाही गेलास? मी चिठ्ठी दिली असती. कार्ड दिलं असतं. व्हिटॅमिन के दिलेलं होतं, बघ, इथे लिहिलंय."

खरंच लिहिलेलं होतं. त्यांच्याच अक्षरात.

आईला मी हे सांगितलं तेव्हा तिने पहिल्यांदा विचारलं, त्यांना वाईट वाटलं का. मी हो म्हटलं. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "वाटू दे."

लसींसाठी आम्ही त्यांच्याकडेच जात राहिलो. पुढची लस नोव्हेंबरात, वाशीच्या डॉक्टरांना विचारून. तेव्हा काकांनी चिऊला त्या गोल दिव्यांखाली टेबलवर घेतलं नाही. दाराबाहेर गॅलरीत घेऊन गेले, जिथे पेशंटच्या चपला असतात, आणि दुपारच्या उजेडात तिची पापणी ओढून बघितली. रांगेतली एक बाई विचारत होती, इथे का तपासतायत. दिवे अजून तेच आहेत. बाळं मात्र गॅलरीत बघतात.

चिऊ आता सात वर्षांची आहे. सगळं ठीक झालं असं मी लिहिणार नाही. पित्त वाहतं, पण यकृत थोडं निबर आहे. ताप आला की क्रोसिन देऊन बघू असं आमच्याकडे नसतं, पित्तमार्गात जंतू गेलेत का बघायला बॅग भरून निघावं लागतं. असं दोनदा झालं. कासाई झालेल्या बऱ्याच मुलांना पुढे केव्हातरी यकृत बदलावं लागतं. वडिलांचा तुकडा चालतो. भारतात लहान मुलाचं पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण १९९८ साली दिल्लीत झालं, त्या मुलालाही हाच आजार होता, यकृत वडिलांनीच दिलं होतं, आणि तो मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला. माझा आणि चिऊचा रक्तगट एकच आहे. मी वजन ताब्यात ठेवतो. सायलीला वाटतं मी उगाच जिलबी नाकारतो.

रोज सकाळी मी तिचा रंग बघतो. वाशीच्या बाईंनी कधीच सांगितलं, की आता रोज बघायची गरज नाही, रक्त तपासतोच आपण. सायली म्हणते, पुरे आता, मुलगी मोठी झाली. खरं आहे, तिलाही लाज वाटायला लागली आहे, दार पूर्वी सताड उघडायची, आता वीतभर उघडते. पण हाक मारायची ती मारते. शाळेची रिक्षा खाली हॉर्न वाजवत असते, सायली डबा भरत असते, आणि आतून आवाज येतो, "बाबा, शेड!"

मी जातो. बाथरूमचा दिवा बंद करतो, वरची काचेची झडप उघडतो, बघतो.

"पास," मी म्हणतो.